विश्लेषण : इंग्रजी येते, तरी समोरच्याला का कळत नाही?

व्याकरण बरोबर, शब्दही नेमके. तरीही दूरध्वनीवरचा परदेशी ग्राहक पुन्हा पुन्हा ‘पार्डन?’ विचारतो. मग बोलणारा स्वत:च्या ‘ॲक्सेंट’ला दोष देतो आणि महागड्या शिकवणीचा शोध सुरू होतो. अनेकदा अडचण मात्र वेगळीच असते. ती असते शब्दाचे अवयव आणि त्यांवरील आघात यांची. शाळेच्या दहा वर्षांत या दोन्ही गोष्टींना जेमतेम स्थान मिळते. हा विद्यार्थ्याचा नव्हे, शिकवण्याच्या पद्धतीचा दोष आहे.

शब्दावयव म्हणजे काय?

एका दमात, एका स्वराभोवती उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा म्हणजे शब्दावयव. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे मोजली जातात, तो हाच हिशेब. मात्र लिहिलेले अक्षर आणि बोललेला अवयव नेहमी जुळत नाहीत. ‘करमणूक’ या शब्दात अक्षरे पाच, पण रोजच्या बोलण्यात ‘कर-म-णूक’ असे तीनच तुकडे ऐकू येतात. इंग्रजीत ही तफावत फार मोठी आहे. ‘चॉकलेट’चे अवयव दोन, ‘कम्फर्टेबल’चे बोलताना बहुधा तीन. ‘वॉन्टेड’मध्ये दोन अवयव आहेत, पण ‘वॉक्ड’मध्ये एकच. ‘फिल्म’ हा एका अवयवाचा शब्द. त्याचा ‘फिलिम’ केला की दोन होतात.

आघात कशाला म्हणतात?

एकाहून अधिक अवयव असलेल्या इंग्रजी शब्दात एक अवयव ठळक असतो. तो थोडा लांब, थोडा मोठ्याने आणि बहुधा वेगळ्या सुरात उच्चारला जातो. उरलेले अवयव दबतात आणि त्यांतील स्वर अनेकदा पुसट ‘अ’सारखा होतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. त्यामुळे ‘फोटोग्राफर’ कानावर येतो तो ‘फ-टॉ-ग्र-फर’ असा. काही शब्दांत आघात बदलला की शब्दाचे कामही बदलते. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘इम्पोर्ट’ आणि ‘ऑब्जेक्ट’ यांचेही तसेच.

मराठी भाषकाला हे जड का जाते?

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला त्याकडे लक्ष देण्याची सवय नसते. त्यात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की प्रत्येक अक्षराला पूर्ण उच्चार मिळतो. ‘व्हेजिटेबल’चे चारही तुकडे सारख्याच वजनाने म्हटले जातात, इंग्रजीत तो बहुधा तीन अवयवांचा असतो आणि जोर पहिल्यावर असतो. ‘होटेल’, ‘इव्हेंट’, ‘कमिटी’ आणि ‘डेव्हलप’ या शब्दांत प्रमाण उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर आहे. भारतात तो अनेकदा पहिल्यावर ऐकू येतो.

यामुळे खरेच फरक पडतो का?

पडतो. इंग्रजी मातृभाषा असलेला श्रोता ठळक अवयवाच्या आधाराने शब्द ओळखतो. जोर भलतीकडे गेला की त्याच्या मनात भलताच शब्द उभा राहतो. भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजते, याचा आर. के. बन्सल यांनी केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. न समजण्याच्या प्रमुख कारणांत त्यांना शब्दांवरील चुकीचा आघात आढळला.

याला दुसरी बाजूही आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेलेच लोक एकमेकांशी बोलत असतील, तर शब्दाघाताला इतके महत्त्व नाही. वाक्यातील मुख्य शब्दावरचा जोर अधिक मोलाचा, असे मत जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली मांडले. नागपूरचा आणि चेन्नईचा अभियंता इंग्रजीत बोलतात तेव्हा फारसे अडत नाही, ते यामुळेच. मुद्दा म्हणून ‘साहेबी’ उच्चाराचा नाही, समोरच्याला समजण्याचा आहे. मराठी वळणाचा ‘ट’ किंवा ‘व’ तसाच ठेवूनही आघात बरोबर देता येतो.

काही नियम आहेत का?

इंग्रजी आघात बेभरवशाचे वाटतात, पण काही खुणा उपयोगी पडतात. शेवटी ‘शन’ असेल, तर जोर त्याच्या अगदी आधीच्या अवयवावर : ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘इन्फर्मेशन’मध्ये ‘मे’वर. शेवटी ‘इक’ असेल तरी बहुतेक वेळा तसेच : ‘इकॉनॉमिक’, ‘सायंटिफिक’. ‘पॉलिटिक्स’ मात्र अपवाद. तिथे जोर पहिल्यावर. ‘युनिव्हर्सिटी’, ‘इलेक्ट्रिसिटी’ या शब्दांत शेवटून तिसरा अवयव ठळक होतो. ‘ट्रेनी’मध्ये शेवटचा. उरलेल्या शब्दांसाठी शब्दकोश आहेच. उच्चार दाखवताना ठळक अवयवाच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. बहुतेक विद्यार्थ्यांना ती रेघ कशासाठी आहे, हे कोणी सांगितलेलेच नसते.

मग करायचे काय?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरी नवा शब्द फळ्यावर येतो तो स्पेलिंग आणि अर्थ घेऊन. त्याचा आघात सांगितला जात नाही. यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकाने शब्द म्हणताना टाळ्या वाजवून अवयव मोजायचे आणि ठळक अवयवावर जोराने टाळी द्यायची, एवढ्याने सुरुवात होते. त्याआधी शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय यायला हवा आणि तोंडी परीक्षेत त्याला गुण हवेत. परीक्षेत जे नसते ते वर्गातही उरत नाही.

अन्यथा हे ज्ञान शुल्क भरू शकणाऱ्यांपुरतेच राहील. मराठी माध्यमातून शिकलेला, इंग्रजी नीट लिहिणारा मुलगा मुलाखतीत मागे पडेल आणि ‘आपले इंग्रजीच कच्चे’ असा चुकीचा निष्कर्ष काढून घरी परतेल.