ऊन, सावली आणि आरोग्य

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही चुनखडीच्या खाणींलगत वाढलेली वसाहत आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना आकारास येऊ लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिजातील गाळ वेगळा काढण्यासाठी झोतभट्टीत चुनखडी घालावी लागते. ती नंदिनीच्या उघड्या खाणींतून भिलाईस जाऊ लागली. उघड्या खाणीत माणसाच्या डोक्यावर छप्पर नसते. शिवाय काळी माती ज्या उन्हाचा बराच भाग गिळून टाकते, त्याचा मोठा वाटा पांढरा दगड परत फेकतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्यास वरून आणि खालून असे दुहेरी ऊन सोसावे लागते.

अलीकडे उन्हापासून संरक्षणाची चर्चा पुष्कळ होते व तीत 'नैसर्गिक उपाय' हा शब्द वारंवार येतो. या शब्दाने बहुधा एखादे तेल, एखाद्या पाल्याचा रस वा घरगुती लेप सुचविला जातो. वस्तुतः निसर्गाने आणि परंपरेने दिलेले खरे उपाय तीन आहेत : योग्य वेळ, घट्ट विणीचे वस्त्र आणि दाट सावली. हे तिन्ही उपाय सर्वांना सारखे उपलब्ध नसतात. घरात राहणाऱ्यास ते सहज लाभतात. खाणीत, शेतात वा रस्त्यावर राबणाऱ्यास ते कोणीतरी मिळवून द्यावे लागतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैयक्तिक काळजीचा न राहता सार्वजनिक कर्तव्याचा ठरतो.

किरणांचे स्वरूप

सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या किरणांखेरीज उष्णता देणारे अवरक्त किरण व जांभळ्या रंगापलीकडील जंबुपार अर्थात अतिनील किरण असतात. जंबुपार किरणांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर याने १८०१ साली लावला. त्यांचे तीन वर्ग केले जातात. १०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे 'क' वर्गातील किरण वातावरणातच अडविले जातात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या 'ब' किरणांपैकी बराच भाग ओझोनच्या थरात शोषला जातो. जो भाग खाली पोहोचतो त्यानेच त्वचा लाल होते व भाजते. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'अ' किरण मात्र मोठ्या प्रमाणावर जमिनीपर्यंत येतात, त्वचेत खोल उतरतात व तिला अकाली सुरकुत्या आणतात. खिडकीची साधी काच 'ब' किरण अडविते, पण 'अ' किरणांचा पुष्कळसा भाग आत सोडते.

त्वचेतील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य या किरणांना काही अंशी अडविते. त्यामुळे भारतीयांमध्ये त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने कमी आढळतो. परंतु डोळ्यांतील भिंगास असे कवच नसते. वर्षानुवर्षे तीव्र उन्हात काम केल्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. तसेच कोडाचे पांढरे डाग असलेली व जन्मतः रंगद्रव्य नसलेली माणसे यांना तर उन्हापासून विशेष जपले पाहिजे. वर्गात असे एखादे मूल असल्यास त्याला उन्हातील कवायतीची सक्ती करणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

सावलीने मोजावे

ऊन केव्हा तीव्र असते, हे सांगताना बहुधा घड्याळातील ठराविक तास दिले जातात. त्यापेक्षा स्वतःची सावली हे अधिक विश्वासू साधन होय. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सपाट जमिनीवर पडणारी सावली माणसाच्या उंचीइतकी असते. सावली उंचीपेक्षा आखूड झाली, की किरणांना वातावरणातून कमी अंतर कापावे लागते व 'ब' किरणांचा जोर वाढतो.

नंदिनी नगर सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस व पुन्हा जुलैच्या मध्यास तेथे भर मध्यान्ही सूर्य अगदी माथ्यावर येतो. त्या मे महिन्यात सकाळी पावणेनऊच्या सुमारासच सावली उंचीएवढी होते आणि दुपारी सव्वातीनपर्यंत ती तिच्याहून आखूडच राहते. म्हणजे 'दहानंतर ऊन टाळावे' हा नेहमीचा सल्ला तेथे सव्वा तास उशिराचा ठरतो. उलट २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सावली उंचीइतकी असते. त्या दिवशी तिच्याहून आखूड ती कधीच होत नाही. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असून नंदिनी त्याच्या जवळ आहे; मुंबईत मात्र सूर्याचा मध्यान्ह त्या रेखांशावरील मध्यान्हानंतर सुमारे ३८ मिनिटांनी होतो. एकच घड्याळ दोन्ही ठिकाणी लावणे त्यामुळेच फसवे आहे. सावली मात्र कोठेही खोटे बोलत नाही, आणि ती मोजण्यास शाळेतील लहान मुलासही काठीखेरीज काही लागत नाही.

उन्हाची गरज

याचा अर्थ ऊन सर्वथा टाळावे असा नव्हे. त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर 'ब' किरण पडले, की त्यापासून ड जीवनसत्त्व बनते. ते नसेल तर अन्नातील कॅल्शियम शरीरात पुरेसे शोषले जात नाही; मुलांना मुडदूस होतो व प्रौढांची हाडे मऊ पडतात. बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली जंबुपार किरणांच्या दिव्याखाली मुडदूस झालेल्या मुलांना ठेवून त्यांचा रोग बरा होतो, हे दाखविले.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी महाराष्ट्रातच या गोष्टीचा पुरावा मिळाला. हचिसन व शाह या डॉक्टरांनी नाशिक भागातील मुडदुसाचा अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध केला. मुडदूस गरिबीचा व निकृष्ट आहाराचा रोग असावा, अशी सर्वसाधारण समजूत होती. नाशिकला याच्या उलट आढळले. ज्यांचे अन्न तुटपुंजे होते पण ज्यांची मुले उघड्यावर वाढत होती, अशा कष्टकरी घरांत हा रोग जवळजवळ नव्हता. तर पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत, जेथे आई व मूल दोघेही बंद खोल्यांत राहत, तेथे तो वारंवार दिसे. दुधातुपाने जे साधले नाही ते अंगणातील उन्हाने साधले असते.

शंभर वर्षांनंतर पडदा बराच गेला, पण त्याची जागा बंद वर्ग, कार्यालये व सदनिका यांनी घेतली आहे. सूर्य मुबलक असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची उणीव सर्वत्र आढळते, असे अनेक पाहण्यांनी दाखविले आहे. एकाच गावात खाणीतला बाप उन्हाने होरपळतो आणि दिवसभर वर्गात बसणारी मुलगी उन्हावाचून राहते, असे घडू शकते. यांतील एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.

येथे एक प्रचलित समजूत दुरुस्त करणे अवश्य आहे. पहाटेचे कोवळे ऊन सुखद असते, परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना 'ब' किरण फारच थोडे पोहोचतात. त्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. सावली उंचीच्या आसपास असताना हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, आठवड्यातून काही दिवस उन्हात वावरणे अधिक उपयोगी ठरते. त्वचा जितकी सावळी, तितका वेळ अधिक लागतो. त्वचा लाल होण्याच्या किंवा चुरचुरण्याच्या पुष्कळ आधीच सावलीत यावे. कारण विशिष्ट मर्यादेनंतर त्वचा जादा द्रव्य स्वतःच निरुपयोगी रूपांत बदलून टाकते, आणि अधिक ऊन घेऊन अधिक लाभ होत नाही. तान्ह्या मुलांबाबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जीवनसत्त्वाचे थेंब देणे हा सुरक्षित मार्ग आहे.

तेलाचा आकडा

आता घरगुती लेपांचा विचार करू. रायपूर येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील कौर व सराफ या संशोधकांनी २०१० साली निरनिराळ्या तेलांची किरण अडविण्याची क्षमता मोजून प्रसिद्ध केली. स्थिर तेलांचा संरक्षणांक २ ते ८ यांच्या दरम्यान भरला. त्यांत ऑलिव्ह तेलाचा सर्वांत जास्त होता. सौंदर्यप्रसाधनांत कोणते तेल वापरावे, हे ठरविण्यास असे मापन उपयुक्तच आहे. परंतु पुढे या आकड्यांनी जगभर प्रवास केला आणि 'खोबरेल लावा, ऊन बाधणार नाही' असा उपदेश त्यांतून निघाला.

हा उपदेश त्या प्रयोगातून निघत नाही. प्रयोगशाळेत तेलाचा विरल द्राव करून त्यातून किरण किती जातात हे यंत्राने पाहिले होते. माणसाच्या त्वचेवरील संरक्षणांक ठरविताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा लेप लावून, त्वचा लाल होण्यास किती किरण लागतात हे मोजतात. घामाने ओघळणाऱ्या अंगावरील तेलाचा पातळ थर या दोन्हींहून निराळा असतो. शिवाय हा अंक मुख्यतः 'ब' किरणांविषयी बोलतो, 'अ' किरणांविषयी फारसे काही सांगत नाही. लिंबाचा रस तर उन्हात जाताना अंगास लावूच नये. त्यातील द्रव्ये 'अ' किरणांच्या योगाने त्वचेवर फोड आणतात. ज्यांना लेप हवाच असेल त्यांनी झिंक ऑक्साइड असलेला, मानकांनुसार तपासलेला लेप घ्यावा. खोबरेल त्वचा मऊ ठेवते; तिचे काम तेवढेच.

सावली कोणी द्यावी?

छत्तीसगडच्या गुराख्याची बांबूची रुंद खुमरी, विदर्भातील शेतकऱ्याच्या डोक्यावरचा शेला, डोक्यावरून घेतलेला लुगड्याचा पदर — यांची योग्यता कोणत्याही तेलाहून मोठी आहे. वस्त्र घट्ट विणीचे, सैल व शक्यतो गडद असावे. पातळ पांढऱ्या सदऱ्यातून किरण बरेच आत येतात व तो घामाने भिजला की आणखी येतात.

सावलीचेही प्रकार आहेत. 'ब' किरणांचा जवळपास अर्धा भाग थेट सूर्याकडून न येता आकाशातून विखरून येतो. म्हणून उघड्या मैदानातील एकटी छत्री थेट ऊन अडविते, पण भोवतालच्या आकाशातून येणारे किरण अडवीत नाही. वड, करंज, कडुलिंब यांची दाट राई किंवा खोल पडवी हीच पुरी सावली होय. नंदिनीच्या खाणींतून रिकाम्या झालेल्या शेकडो एकर जमिनीवर अलीकडच्या वर्षांत वनलागवड झाली, ही म्हणूनच केवळ शोभेची बाब नव्हे.

भारताच्या १९५२ च्या खाण कायद्याने थंड व आरोग्यदायक पिण्याचे पाणी पुरविण्याचे कर्तव्य खाणचालकावर टाकले होते. कामगाराने तहानेची सोय घरून करून यावी, असे कायद्याने म्हटले नाही. सावलीस हाच न्याय तितक्याच काटेकोरपणे लावला पाहिजे. उन्हाळ्यात उघड्यावरची अवजड कामे सावली उंचीएवढी होण्यापूर्वी आटोपावीत. विश्रांतीची जागा कामापासून दूर नसावी. टोपी व डोळ्यांचा चष्मा हातमोज्यांप्रमाणे कामाच्या साधनांत गणला जावा. शाळांनी याच मापाने वेळापत्रक आखावे : हिवाळ्यात मधली सुट्टी मैदानावर, उन्हाळ्यात कवायत सकाळी लवकर, आणि मैदानाच्या कडेने झाडे.

असे करण्यास खर्च येतो व कामाचे तास हलवावे लागतात, ही अडचण खरी आहे. परंतु सावलीवाचून काम करणाऱ्याचे मोतीबिंदू आणि वर्गात कोंडलेल्या मुलाची मऊ हाडे यांचाही खर्च असतोच. फक्त तो कारखान्याच्या वा शाळेच्या हिशेबात न दिसता त्या घराच्या हिशेबात दिसतो. प्रत्येक शाळेच्या अंगणात एक काठी रोवावी आणि मुलांनी वर्षभर तिची सावली मोजावी. केव्हा बाहेर यावे व केव्हा आत जावे, हे त्यांना तीच शिकवील; आणि ज्यांना आत जाण्याची मुभा नाही त्यांच्यासाठी काय केले पाहिजे, हा प्रश्नही तीच त्यांच्यापुढे ठेवील.