'द्या इकडे, मी करून देतो'

'आबा, द्या इकडे, मी करून देतो.' आपल्या उधन्यातल्या मराठी घरांत हे वाक्य रोज ऐकू येतं. रिचार्ज असो, लाइट बिल असो की नंदुरबारचं तिकीट, आबांचा मोबाइल नातवाच्या हातात जातो, दोन मिनिटांत काम होतं आणि मोबाइल परत मिळतो. आबांना मात्र त्यात काय केलं ते कळलेलं नसतं. या वाक्यात प्रेम आहे, हे मान्य. तरीही माझं स्पष्ट मत आहे की आपण तरुणांनी हे वाक्य बोलणं सोडलं पाहिजे.

'म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजी जमत नाही' हा समज निदान उधन्यात तरी टिकायला नको. इथली बरीच जुनी मराठी माणसं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आली आणि लूमच्या कारखान्यांत, डाइंगच्या मिलमध्ये कामाला लागली. आयुष्यभर मशीनसमोर उभा राहिलेला, आवाज बदलला की बिघाड ओळखणारा माणूस मोबाइलच्या बटणाला कशाला घाबरेल? त्याला भीती असते ती दोनच गोष्टींची: चुकलं तर पैसे जातील, आणि चुकलं तर पोरं ओरडतील.

जिथे या दोन्ही भीती नाहीत, तिथे हीच माणसं काय करतात बघा. व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज. आपल्याकडच्या कितीतरी आज्ज्यांची बोलीभाषा अहिराणी. ती त्या कधी लिहायला शिकल्या नाहीत, कारण शाळेत ती शिकवलीच नाही. मग त्या माइकचं चिन्ह दाबून धरतात आणि 'काय करी राह्यना रे भो?' पासून सुरू होऊन शिरपूरच्या भावाला पाच मिनिटं सगळं सांगतात. हे त्यांना कुणी क्लास लावून शिकवलं नाही. गरज होती, सोय होती आणि कुणी हातातून फोन ओढत नव्हतं, म्हणून जमलं.

मग अडतं कुठे? पुष्कळदा माणसात नाही, व्यवस्थेत अडतं. रेशनच्या दुकानात 'अंगठा लागत नाही' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. वयानुसार बोटांचे ठसे पुसट होतात, आणि हाताने कष्ट केलेल्यांचे तर जास्तच. ज्या हातांनी या शहराचं कापड विणलं, तेच हात मशीन ओळखत नाही. पेन्शनवाल्यांसाठी 'जीवन प्रमाण' हा डिजिटल हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय यायला २०२१ उजाडलं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. अॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला इजा झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिका होत्या त्या. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हटलं, तर त्यांनी ती करायची कशी? प्रश्न त्यांचा होता, पण दिलेलं उत्तर आपल्या आजी-आजोबांच्याही कामाचं आहे.

आता मुख्य मुद्दा. 'मी करून देतो' म्हणत आपण घरात एक सवय लावतो: कुणीतरी आत्मविश्वासाने विचारलं की ओटीपी वाचून दाखवायचा, पिन सांगायचा. कित्येक घरांत आबांचा यूपीआय पिन सगळ्यांना पाठ असतो. फोनवरचा चोर दुसरं काय म्हणतो? 'काका, तुमचं केवायसी अडलंय, ओटीपी सांगा, मी करून देतो.' शब्द तेच, सूर तोच. मग 'अहो, तुम्ही सांगितलाच कसा?' असं विचारण्यात काय अर्थ आहे? सांगायची सवय तर घरातच लागलेली असते. शिवाय स्वतःच्या खात्यात किती पैसे आहेत हे नातवाला विचारावं लागणं, बहिणीला पाचशे रुपये पाठवायचे तर घरभर कळणं, यात त्या माणसाचा मान कुठे राहतो?

कुणी म्हणेल, दहा वेळा सांगूनही त्यांच्या लक्षात राहत नाही, आपल्याला परीक्षा असतात, वेळ कुठून आणायचा? खरंय. काहींची नजर अधू असते, काहींचा हात थरथरतो. काहींना शिकायचंच नसतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासाठी रोख पैसे आणि तिकीट खिडकी राहिलीच पाहिजे. पण ज्यांना शिकायचंय, त्यांच्यासाठी थोडी चिकाटी आपल्याला दाखवता येईल.

त्यासाठी फार काही लागत नाही. फोनची भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा. पायऱ्या त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहू द्या. पहिले व्यवहार एक-एक रुपयाचे करू द्या. चुकलं तरी रुपयाच जाईल. पिन त्यांचा त्यांनाच ठरवू द्या आणि तो टाकताना आपण तोंड फिरवून उभं राहू. दोन गोष्टी पक्क्या सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही. तरीही फसलेच, तर लगेच १९३० वर फोन लावायचा, आणि घरात कुणी ओरडायचं नाही. ओरडलो, तर पुढच्या वेळी ते आपल्याला सांगणारच नाहीत.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची धावपळ असते. आपल्या मंडळाने त्या महिन्यात एक रविवार यासाठी द्यावा, असं मला वाटतं. चार टेबलं, चार मुलं-मुली आणि नियम एकच: फोन त्यांच्याच हातात राहील. बोटही त्यांचंच चालेल. आपण फक्त शेजारी बसायचं.