मीरा रोड ते मक्का: विमान पाच तासांचं, प्रवास चौदा तासांचा

नया नगरमध्ये उमराची बुकिंग सुरू झाली की प्रश्न ठरलेला: जेद्दा किती लांब? मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सरळ रेषेत साधारण 3,500 किलोमीटर. थेट विमानाला पाच ते साडेपाच तास लागतात. येताना वेळ बहुधा थोडा कमी लागतो, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

तिकीट मात्र दुसरंच काही सांगतं. निघणं पहाटे साडेचार, पोहोचणं सकाळी साडेसात. तीनच तास? नाही. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

आता घरापासूनचा हिशेब करा. रात्री साडेअकराला मीरा रोडहून निघायचं, दहिसर चेकनाक्याची कोंडी धरून सहारला एकच्या सुमारास. तीन-साडेतीन तास चेक-इन आणि इमिग्रेशन. जेद्दाला उतरल्यावर सामान, रांगा, मग बसनं मक्का, सुमारे 80 किलोमीटर. हॉटेलवर पोहोचेपर्यंत इथे दुपारचा दीड वाजलेला असतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चौदा तास. सत्तरीच्या अम्मी-अब्बांना सोबत नेणाऱ्यांनी हा आकडा धरावा, पाच तासांचा नाही.

स्वस्त पॅकेजची गोम इथेच आहे. मुंबई-दुबई सुमारे 1,900 किलोमीटर, दुबई-जेद्दा सुमारे 1,700. बेरीज थेट अंतराच्या जवळपासच. म्हणजे दुबईवरून गेल्यानं उडण्याचं अंतर फारसं वाढत नाही, वाढतं ते ताटकळणं. सहा तासांचा हॉल्ट म्हणजे चौदाचे वीस-बावीस तास, तेही व्हीलचेअरची वाट बघत. टूरवाल्याला नुसतं "डायरेक्ट आहे का" विचारू नका. हॉल्ट किती तासांचा आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का, हे विचारा. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात.

हे उगाच घाबरवणं नाही. 23 जून 2025 च्या रात्री इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि आखातातल्या अनेक देशांनी काही तास आपलं आकाश बंद केलं. हाजी परतत होते ते हेच दिवस. अशा वेळी थेट विमानालाही उशीर होतो किंवा लांबून जावं लागतं, पण हॉल्टवाला प्रवासी परक्या विमानतळावर अडकतो.

नवी मुंबईचं विमानतळही आता सुरू झालंय. आपल्यासाठी सहार 25 किलोमीटरच्या आसपास, तर ते त्याच्या दुपटीहून लांब, आणि वाटेत घोडबंदर रोड! तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, ते आधी बघा.

आणि इहराम. विमान थेट जेद्दाला जात असेल तर मीकात हवेतच ओलांडली जाते. वैमानिक घोषणा करतो, पण तेव्हा छोट्याशा टॉयलेटबाहेर रांग लागलेली असते. म्हणून बहुतेक लोक इहराम घरून किंवा विमानतळावरच बांधतात, नियत मीकातीच्या आधी करतात. आधी मदिना असेल तर घाई नाही, मक्केला निघताना झुल-हुलैफाला इहराम बांधायचा. हॉल्ट असेल तर तिथेही बांधता येतो. फक्त चादरी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत गेल्या, तर त्या थेट जेद्दालाच भेटतील.