वादक कोण आणि 'वाला' कोण?

गणपतीत ढोल वाजवणाऱ्या मुलाला 'वादक' म्हणतात. वरातीपुढे हलगी वाजवणाऱ्या माणसाला 'हलगीवाला' म्हणतात. दोघांच्याही हातात काडी असते, दोघांच्याही मनगटाला सारखीच कळ लागते, आणि ताल कुणाला जास्त कळतो याची पैज लागली तर आमचे पैसे हलगीवर. तरी एकाला पदवी मिळते आणि दुसऱ्याला 'वाला' चिकटतो. हा भाषेचा सहज घडलेला प्रकार आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने समाजशास्त्र सोडा, नुसती गावची पत्रावळ कुणाच्या हातात आधी पडते ते आठवावे.

पथकांच्या नावांकडे बघा. पुण्याच्या मिरवणुकीत पूर्वी आसपासच्या मावळ-मुळशीतल्या गावांचे ढोल यायचे. 1970 च्या दशकापासून शहरातल्या शाळांची पथके उभी राहिली. ज्ञानप्रबोधिनी, नूमवि, रमणबाग ही तेव्हाची ओळखीची नावे. पुढे शिवगर्जना, रुद्रगर्जना, नादब्रह्म अशी नावे आली आणि हे लोण आपल्या छत्रपती संभाजीनगरापर्यंत पोचले. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघते तेव्हा आता पांढरे कुर्ते आणि फेटे रांगेने दिसतात. पथकाच्या आतही प्रत्येकाला नाव आणि मान आहे: ढोल, ताशा, झांज, टोल, ध्वज. ध्वज नाचवणारा 'ध्वजधारी', सगळ्यांना सांभाळणारा 'पथकप्रमुख'. गंमत म्हणजे त्यांच्या तालांमध्ये 'गावठी' नावाचाही एक ठेका असतो. गावाकडून ताल घेतला, वाजवणारा गावातच राहिला, आणि तालाला नाव पडले 'गावठी'.

2024 मध्ये हरित लवादाने एका पथकात तीस जणांची मर्यादा घातली, तेव्हा प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या अटीला स्थगिती मिळाली. ढोल-ताशा हा पुण्याचा प्राण आहे, अशा अर्थाचे उद्गारही तिथे निघाले. आमचा ढोलाला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हलगीसाठी दिल्लीपर्यंत जाणारा वकील कुणी कधी पाहिला आहे का?

हलगीच्या संचातही विभाग आहेत. हलगी बोलते, घुमके खालचा घुमारा धरते, कैताळ साथ देते. शाळा नाही, वही नाही, बापाच्या शेजारी उभे राहून शिकलेले असते. पण त्या संचाला 'पथक' म्हणत नाहीत, 'ताफा' म्हणतात. बँड असेल तर 'पार्टी'. आणि आतल्या माणसाला कित्येक गावांत आजही वाद्याच्या किंवा जातीच्या नावाने हाक जाते. पोळा असो, जत्रा असो की मयत, "त्यांना बोलवा" एवढेच. ज्या समाजाने स्वतःसाठी 'मातंग' हे नाव निवडले, त्याला तुच्छतेच्या नावाने बोलावणारे लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत. आपल्या सभांतले वक्तेसुद्धा विरोधकाला हिणवताना "तो अमक्याची हलगी वाजवतो" म्हणतात आणि टाळ्या घेतात. ज्याची चाकरी केली त्याला शिव्या द्या, वाद्याला कशाला?

वाद्याचे नाव माणसाला चिकटले की ते किती दूर जाते, याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. 'परई' हे तिथले चामड्याचे वाद्य. त्यावरून 'परैयर' हे जातीचे नाव पडले असे मानतात, आणि तेच नाव इंग्रजीत जाऊन 'पराया' झाले, म्हणजे वाळीत टाकलेला. एका ढोलाच्या नावाची जगभर शिवी झाली. तिथल्या दलितांनी आधी मयतीपुढे परई वाजवायला नकार दिला. नंतर त्यांच्याच चळवळीने ती परई आपल्या मोर्च्यांच्या आणि रंगमंचाच्या पुढे आणली. 2025 मध्ये मदुराईचे परईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. 'आसान' म्हणजे गुरू. बघा, वाद्य तेच, फक्त हाक बदलली.

अमेरिकेतल्या ड्रम कोअरमध्ये पुढे उभ्या राहणाऱ्या वाद्यविभागाला 'पिट' म्हणतात, म्हणजे खड्डा. वाजवणारी पोरे ते नाव अभिमानाने सांगतात. कारण त्या खड्ड्यात कुणी जन्माने पडत नाही, आणि सराव संपला की बाहेर येता येते. टोपणनाव आणि जातीची हाक यांत हाच फरक आहे.

नावाचे मोल आपल्याला कुणी शिकवावे अशी आपली स्थिती नाही. 1978 मध्ये विधिमंडळाने ठराव केला आणि विद्यापीठाच्या गेटवर बाबासाहेबांचे नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. मधल्या काळात घरे जळाली. पोचीराम कांबळेंचा खून झाला, गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतले. 'नावात काय आहे' असे मराठवाड्यात आंबेडकरी माणसाला विचारायची कुणाची हिंमत होऊ नये.

म्हणूनच जयंतीचा बॅनर खटकतो. त्यावर डीजेचे नाव पाटलाच्या नावाएवढे मोठे असते. निळे फेटे बांधून निघणाऱ्या आपल्या पथकांची नावेही 'गर्जना'च्याच साच्यातली, पुढचा अर्धा भाग तेवढा बदललेला. आणि हलगी? एका मंडळाचा हिशेब आम्ही पाहिला. मंडप, खुर्च्या, जनरेटर, हलगी. भाड्याने आणलेल्या सामानाच्या यादीत चार माणसे बसवली होती.

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली, मग हलगी मिरवायची कशाला? मुद्दा बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. सोडायची होती ती सक्ती: भाकरीच्या तुकड्यावर, आमंत्रणाशिवाय, जातीमुळे वाजवणे. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाची वाद्ये फेकून दिली नाहीत, त्यांच्यावर वेगळा विचार गायला. बिहारमध्ये दानापूरजवळ ढिबरा गावात दलित बायांनी बँड काढला, आणि ज्यांच्या घरात पाणी चालत नव्हते त्यांच्या लग्नात त्या ठरवून घेतलेल्या पैशावर वाजवतात. ज्याला वाजवायचे नाही त्याला शंभर वेळा नाही म्हणू द्या. ज्याला वाजवायचे आहे त्याला वादक म्हणा.

यात आणखी एक गोष्ट अडकली आहे आणि ती टाळून चालणार नाही. 1 ऑगस्ट 2024 ला, म्हणजे नेमके अण्णाभाऊंच्या जयंतीला, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल आला. तेव्हापासून बौद्ध आणि मातंग तरुण एकमेकांकडे संशयाने बघत आहेत. त्या निकालावर आमचे मत वेगळ्या लेखात मांडू. पण जो समाज आपल्या मिरवणुकीत फक्त हिशेबाच्या चौथ्या ओळीत आहे, त्याने आपल्या 'एकजातीय ऐक्या'च्या भाषणावर विश्वास का ठेवावा? अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण त्यांच्या माणसांना बॅनरवर एक ओळ अर्पण केली का?

येत्या 14 एप्रिलला क्रांती चौकातून भडकल गेटकडे निघताना एवढे करून बघा. ताफ्याला विचारा, तुमचे नाव काय लावू? आम्ही एकदा विचारले तेव्हा म्हातारे हलगीवादक बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दादा, ताफ्याचं राहू द्या, आधी आमच्या चौघांची नावं लिहा." चौघांची नावे लिहा, हलगी, घुमके, कैताळ असे प्रत्येकाचे वाद्य समोर लिहा, स्टेजवरून ती वाचा. आणि ठरलेला मोबदला मिरवणूक निघण्याआधी हातात द्या. रात्री दोन वाजता खांद्यावर हलगी अडकवून तुमच्या खजिनदाराला शोधत फिरायची वेळ त्यांच्यावर आणू नका.