'वर' म्हणजे नेमके कुठे?

दिवाळीतली एक पहाट. मांडव्यात आमच्या शेजारच्या काकू अंगणात बसून मुंबईतल्या भाचीला फोनवर रांगोळी सांगत होत्या. "मावशी, ठिपके किती घेऊ?" "पंधरा ते आठ." भाचीला एवढे पुरले. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक कमी करत आठपर्यंत, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटींवर. तीन शब्दांत १६९ बिंदूंची षट्कोनी मांडणी समुद्रापलीकडे पोचली. पुढे रेषा कशा जोडायच्या, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा मात्र काकू म्हणाल्या, "थांब, फोटो पाठवते."

प्रस्तुत लेखकाचे भांडण या 'फोटो पाठवते'शी आहे; अर्थात काकूंशी नाही, तर मराठीच्या अध्यापकवर्गाशी.

आकृती हाताने काढण्याऐवजी शब्दांत सांगावी आणि यंत्राने ती अचूक काढावी, यासाठी स्वतंत्र भाषा रचण्याचा उद्योग जगात गेली चार दशके चालू आहे. ब्रायन कर्निगन यांची 'पिक' १९८२ मधली. डोनाल्ड कनूथ यांनी अक्षरे घडवण्यासाठी 'मेटाफाँट' रचली. तिच्यावरून जॉन हॉबी यांनी आकृत्यांसाठी 'मेटापोस्ट' केली. (आपल्या देवनागरीची अक्षरेही १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस या डच गृहस्थांनी 'मेटाफाँट'मध्ये लिहिली, हे जाता जाता नोंदवतो.) या खटाटोपाचे कारण साधे आहे. हाताने काढलेल्या चित्राला स्वतःचे कारण ठाऊक नसते. एक रेषा सरकवली की छेदनबिंदू जागच्या जागी राहतो आणि आकृती खोटी ठरते. सांगितलेल्या आकृतीत मात्र नाते टिकते.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. संगणकवाले म्हणतात, इंग्रजी आज्ञांच्या जागी 'काढा', 'जोडा' घाला, झाले मराठीकरण. साहित्यवाले म्हणतात, हा आमचा प्रांत नव्हे. दोन्ही उत्तरे आळशी आहेत, कारण अशी भाषा रचणे म्हणजे व्याकरण रचणे.

कनूथ यांच्या भाषेत 'व्हॉटएव्हर' असा एक शब्द आहे. 'प' हा बिंदू 'अब' रेषेवर कुठेतरी आहे आणि 'कड' रेषेवरही कुठेतरी आहे, एवढेच सांगायचे. तो कुठे हे यंत्र समीकरणे सोडवून ठरवते. प्रत्येक 'कुठेतरी' वेगळा अज्ञात असतो. येथे आज्ञार्थ नाही, स्वार्थ आहे: 'काढ' असे न म्हणता 'आहे' असे म्हटले आहे. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे भेद आपण वर्गात पाठ करून घेतो. कोणत्या अर्थाने आकृती उत्तम सांगता येईल, हा प्रश्न मात्र विचारत नाही.

आता आपली शब्दयोगी अव्यये पाहा. 'वर्तुळावर बिंदू' म्हणजे परिघावर; 'वर्तुळाच्या वर बिंदू' म्हणजे बाहेर, वरच्या बाजूस. एका 'च्या'ने भूमिती बदलते! पण 'चौकोनावर त्रिकोण' म्हणजे काय? टेकलेला, की झाकणारा? 'दोन वर्तुळांमध्ये बिंदू' हा मधल्या मोकळ्या जागेत, की दोहोंच्या सामाईक भागात? याचा निवाडा अभियंत्याने एकट्याने का करावा? तो मराठीच्या अभ्यासकाने करावा, आणि न करता आल्यास तसे कबूल करावे.

आक्षेप येईल की संदिग्धता हे साहित्याचे वैभव आहे. मान्य. परंतु ज्याला नेमके बोलता येते त्याचीच संदिग्धता निवड असते. इतरांची ती केवळ सवय असते. दुसरा आक्षेप: अशी भाषा वापरणार कोण? कदाचित फार थोडे लोक. तरीही ती रचताना मराठी स्वतःला तपासून पाहील, हा लाभ उरतोच. २०२० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील मंडळींनी मांडलेल्या 'पेन्रोझ' या प्रणालीत गणिती विधान एका भाषेत लिहितात आणि त्याचे दृश्य रूप दुसरीत. त्या भाषांची नावेच मुळी 'आशय' आणि 'शैली' या अर्थाची आहेत. आपल्या समीक्षेचे शब्द तिकडे कामाला लागले. आपण ते प्रश्नपत्रिकेत जपून ठेवले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला. सत्कार झाले, भाषणे झाली. आता कोणी शुल्बसूत्रांचा दाखलाही देईल: दोरी आणि खुंट्यांनी वेदी कशी आखावी, हे तेथे आकृतीविना, केवळ शब्दांत सांगितले आहे. दाखला खरा आहे. पण तो पूर्वजांचा पराक्रम झाला. आपल्या हाती काकूंचे 'पंधरा ते आठ' आहे, आणि त्यापुढचे वाक्य अजून कोणी रचलेले नाही.