टँकरची उंची कोण मोजतं?

मंडळी, आजच्या लेखापुरता एक आकडा लक्षात ठेवा: ३३२० मिलिमीटर.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. महाराष्ट्राला द्रवरूप ऑक्सिजन हवा होता आणि तो मिळणार होता विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात. टँकर रस्त्याने नेऊन आणायला फार वेळ गेला असता, म्हणून आख्खे टँकरच मालगाडीवर चढवायचं ठरलं. कल्पना तशी नवी नाही. कोकण रेल्वेवर मालाचे ट्रक कितीतरी वर्षं असेच जातात. मीटिंगमध्ये कुणालाही दोन मिनिटांत सुचेल, सगळे माना डोलावतील आणि चहा येईल.

पण रेल्वेची खरी डोकेदुखी तिथूनच सुरू झाली. टँकर पुलाखालून जाईल का? बोगद्यातून? फलाटाच्या छपराला घासणार नाही ना? ओव्हरहेड वायरपासून पुरेसा लांब राहील का? १५ एप्रिलला आपल्या पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला भरलेला टँकर सपाट वॅगनवर चढवून मापं घेतली गेली. १८ तारखेला कळंबोलीला पुन्हा मोजमाप झालं, तेव्हा रेल्वेची आणि गॅस उद्योगाची माणसं शेजारी शेजारी उभी होती. टँकरच्या वेगवेगळ्या मॉडेलांपैकी टी-१६१८ हे मॉडेल चालेल असं निघालं. त्याची उंची ३३२० मिलिमीटर, वॅगनची १२९०, बेरीज ४६१०. घाटातला रस्ता बाद झाला आणि मार्ग ठरला वसईवरून.

१९ एप्रिलच्या रात्री सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून निघाली. वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असं करत साधारण १८५० किलोमीटर अंतर तिने सुमारे ५० तासांत कापलं. येताना तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला. आमच्या नंदाखालहून विरारला रिक्षा आणि पुढे दोन स्टेशनं लोकल, एवढ्यावर वसई रोड आहे. त्या दिवसांत सिलिंडरसाठी दिसेल तो नंबर फिरवणाऱ्या इथल्या कितीतरी लोकांच्या उशाजवळून ती गाडी गेली आणि त्यांना पत्ताही नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे 'तज्ज्ञ' या शब्दाचा अर्थ फार अरुंद झालाय. आपल्या डोळ्यांसमोर येतात ते सूटातले डॉक्टर, निवृत्त सचिव, प्राध्यापक. ४६१० मिलिमीटर हा आकडा काढणारा माणूसही तज्ज्ञच असतो. फक्त त्याला कुणी समितीवर घेत नाही.

उदाहरण त्याच काळातलं. ऑक्सिजनवाटपाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ६ मे २०२१च्या आदेशाने १२ जणांचा राष्ट्रीय कृतिदल नेमला. दहा जण वैद्यकीय क्षेत्रातले, त्यांत मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि डॉ. राहुल पंडितही होते. उरलेले दोघे म्हणजे केंद्राचे आरोग्य सचिव आणि कॅबिनेट सचिव. उपगट नेमायची, सल्लामसलत करायची मुभा होती. पण मूळ यादीत वाहतुकीतला, टँकरच्या धंद्यातला किंवा गॅस भरणाऱ्या प्लांटमधला माणूस एकही नव्हता.

डॉक्टर नकोत असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट ते हवेतच. केंद्राचं तेव्हाचं सूत्र होतं: आयसीयू बेडला मिनिटाला २४ लिटर, साध्या बेडला १० लिटर आणि साध्या बेडपैकी फक्त निम्म्यांना ऑक्सिजन लागतो. आता समजा निम्म्यांऐवजी ८० टक्के बेडना लागला, तर साध्या वॉर्डांची गरज एका फटक्यात ६० टक्क्यांनी वाढते. हे गृहीतक बरोबर की चूक, ते वॉर्डात उभा राहणारा डॉक्टरच सांगणार.

पण पुढचा हिशोब बघा. मिनिटाला २४ लिटर म्हणजे दिवसाला साडेचौतीस हजार लिटर वायू, द्रवरूपात साधारण ४० लिटर. असे १०० आयसीयू बेड असतील तर दिवसाला साडेचार टनांच्या आसपास. त्या गाडीतला पंधराएक टनांचा टँकर त्यांना जेमतेम तीन दिवस पुरतो. मग तो खाली कुठे करणार? हॉस्पिटलकडे तेवढी टाकी आहे का? गल्लीत टँकर वळतो का? ड्रायव्हर सलग किती तास गाडी चालवतोय? हे प्रश्न वैद्यकीय नाहीत, पण पेशंटचा जीव याच प्रश्नांवर टांगलेला असतो.

आपण सॉफ्टवेअरवाले याला 'बॉटलनेक' म्हणतो. सर्व्हर कितीही वाढवा, डेटाबेसचं एक कनेक्शन तुंबलं की सगळं ठप्प. मदतकार्याचंही तसंच आहे. माल बहुतेक वेळा कुठे ना कुठे असतो, पोचायचा राहतो. सल्लागार गटाचं खरं काम ती अडणारी जागा आधीच दाखवून देणं हे आहे.

आणि 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडची परंपरा 'नंतर'ची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मग माधव चितळे समिती. २०१९ला सांगली-कोल्हापुरात महापूर आला, मग नंदकुमार वडनेरे समिती. जुलै २०१८मध्ये आमची वसई पाण्यात गेली, भाईंदर-विरार लोकल बंद, वीज बंद, मिठागरातली वस्ती अडकलेली. मग महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडे अभ्यास दिला. तिन्ही ठिकाणी मुख्य विषय पाणी: का तुंबलं, कुठून निघेल. हे काम हवंच. पण पाणी ओसरेपर्यंतच्या तीन-चार दिवसांत माणसांपर्यंत दूध, इन्शुलिन, पिण्याचं पाणी कसं पोचवायचं, हा वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळी माणसं लागतात.

जगात हे लोकांना उमगलं ते अनुभवातूनच. २००४च्या त्सुनामीनंतर, २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतयंत्रणेत 'लॉजिस्टिक्स क्लस्टर' सुरू झाला. जागतिक अन्न कार्यक्रम त्याचं नेतृत्व करतो. मदत संस्थांनी गोदामं, ट्रक, माहिती एकमेकांत वाटून घ्यावी हा उद्देश. संकट आल्यावर ओळखी करून घ्यायच्या नाहीत, त्या आधीच असल्या पाहिजेत, एवढं साधं सूत्र.

आता गंमत बघा, आपल्या कायद्यात हे सगळं आहे! आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. कलम ७ राष्ट्रीय पातळीवरच्या सल्लागार समितीचं, कलम १७ राज्याचं, आणि कलम २८ जिल्ह्याचं. जिल्हा प्राधिकरण गरजेप्रमाणे एक किंवा अनेक सल्लागार समित्या नेमू शकतं. २०२५च्या दुरुस्तीनंतर तर महापालिका असलेल्या शहरासाठी राज्य सरकार वेगळं नागरी प्राधिकरणही स्थापू शकतं, म्हणजे वसई-विरारसाठीसुद्धा. घोळ फक्त 'शकतं' या शब्दात आहे.

माझ्या मते पालघरसाठी अशा गटात कोण हवं? एसटी डेपोतला माणूस. वसई रोडच्या मालगाड्या सांभाळणारा रेल्वेचा अधिकारी. महावितरणचा इंजिनियर. औषधांचा ठोक व्यापारी. पहाटे दूध उतरवून घेणारा वितरक. सरकारी दवाखान्यातली सिस्टर. अर्नाळ्याचा कोळी, कारण कुठली होडी किती माणसं पेलते हे त्याला कागद न बघता सांगता येतं. आठवतंय ना, ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली होती. आणि आमच्याकडचा केळीचा नाहीतर भाजीचा बागायतदार, ज्याला पावसात कुठला रस्ता पहिला बुडतो आणि कुठल्या वाडीतून टेम्पो निघतो हे पाठ असतं.

यावर ठरलेला आक्षेप: "समिती नेमली म्हणजे विषय संपला." पटतं मला. म्हणून दोन अटी. एक, गटाने वर्षातून दोनदा, त्यातली एक बैठक मे महिन्यात, खरी चाचणी घ्यावी. बोईसरला टँकर वॅगनवर चढवून बघितला, तशी. दोन, सल्ला मानायची सक्ती नको, पण जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी उत्तर द्यायची सक्ती हवी. मानला नाही तर का नाही, दोन ओळींत. निर्णय त्यांचाच, जबाबदारीही त्यांचीच.

दुसरा आक्षेप: जिल्हाधिकारी हुशार असला की हे सगळं आपोआप होतं. होतं की! पण हुशार जिल्हाधिकाऱ्याचीही बदली होते आणि त्याच्याबरोबर त्याच्या फोनमधले नंबरही जातात. डेपोतला माणूस, कोळी, बागायतदार इथेच राहतात.

असो. तक्रार करून थांबायचं नसेल तर एक काम आहे, पुढच्या शनिवारी होण्यासारखं. माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये. आपल्या जिल्हा प्राधिकरणाला तीन प्रश्न विचारा: कलम २८ खाली सल्लागार समिती आहे का? तिच्यावर कोणकोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? नंदाखालचा असल्यामुळे पालघरचा अर्ज मी करतोय. ठाणे, रायगड, पुणेवाल्यांनो, तुमचा तुम्ही बघा.