त्रासिक कोण आणि त्रस्त कोण?

बंगळुरूमध्ये जन्मलेल्या व वाढलेल्या एका मराठी मुलाने परवा माझ्याकडे तक्रार केली, "आजी मला त्रासिक म्हणते. पण मी तर कोणालाच त्रास देत नाही!" अर्थ चुकला असला तरी त्याचा तर्क चुकीचा नव्हता. 'त्रास' हा शब्द कन्नडमध्येही अडचण, कष्ट या अर्थाने आहे. मग जो त्रास देतो तो त्रासिक, असे त्याला वाटले. मी त्याला समजावले की, त्रास देणारा तो त्रासदायक. ज्याला लहानसहान गोष्टींचा चटकन वैताग येतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो, तो त्रासिक.

संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मराठीत त्याचा अर्थ पीडा, उपद्रव असा झाला. चटकन रागावणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. खेळात हरल्यावर रुसतो तो चिडका बिब्बा. ज्याचा राग भडकतो आणि लगेच शमतो तो तापट. ज्याला माणूस जवळ आलेलाच खपत नाही तो तुसडा. त्रासिक माणसाचा राग मोठा नसतो, पण तो सदैव उंबरठ्यावर असतो. कन्नडमध्ये अशा शीघ्रकोपी माणसाला 'मुंगोपी' म्हणतात, म्हणजे ज्याचा कोप त्याच्याही आधी पुढे येतो तो.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते रागाचे कारण माणसाच्या स्वभावात ठेवतात. 'त्रस्त' हा शब्द मात्र ते कारण बाहेर शोधायला लावतो. प्रशासनात हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात एक निवृत्त शिक्षक मला भेटावयास आले. ते आत येण्यापूर्वीच सहाय्यकाने सांगितले, "मॅडम, गृहस्थ मुंगोपी आहेत." ते चढ्या आवाजात बोलू लागले आणि मी मनात म्हटले, खरेच की! दोन मिनिटांत मी त्यांची बोळवण केली. सायंकाळी फाईल वाचली. त्यांचा अर्ज तीन वेळा परत गेला होता, प्रत्येक वेळी निराळी त्रुटी दाखवून. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी कळविता आल्या असत्या. आम्ही त्यांना त्रस्त केले होते आणि वर त्रासिक ठरविले होते. त्यांचे काम पुढे झाले. पण माझ्या त्या दोन मिनिटांची भरपाई झाली नाही.

कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूर येथे शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्या अधिकरणात राजाच्या दिनचर्येसंबंधी सांगताना कौटिल्य बजावतो की, कामासाठी आलेल्यांना दाराशी ताटकळत ठेवू नये. जो राजा सहज भेटत नाही, त्याच्याकडून भोवतालचे लोक भलतेच करवून घेतात आणि त्यातून 'प्रकृतिकोप' ओढवतो. येथे प्रकृती म्हणजे प्रजा. आज आपण प्रकृती म्हणजे माणसाचा पिंड समजतो. कौटिल्याने जो कोप प्रजेचा म्हणून राज्यकर्त्याच्या खात्यात मांडला, तो आपण अर्जदाराच्या पिंडाचा दोष म्हणून त्याच्याच माथी मारतो.

कर्नाटकाचा लोकसेवा हमी कायदा २०११ चा. २०१२ पासून तो 'सकाल' या नावाने राबविला गेला. सकाल म्हणजे वेळेवर. महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली केला. दोन्ही कायद्यांनी सेवेला मुदत घातली, हे मोठेच काम झाले. परंतु कायदा दिवस मोजतो. टेबलामागच्या माणसाने अर्जदाराविषयी मनात कोणते विशेषण योजले, हे तो मोजू शकत नाही. ते काम आपणच करावयाचे आहे.

माझे मत असे की, नागरिकाविषयीच्या टिपणीत स्वभावदर्शक विशेषण लिहूच नये. त्याऐवजी त्याने किती हेलपाटे घातले व कोणत्या तारखेला कोणती त्रुटी कळविली, एवढेच लिहावे. आणि साऱ्या त्रुटी एकदमच कळवाव्यात. हाच न्याय खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही लावावा. त्याला तुसडा म्हणण्यापूर्वी त्याच्या एकट्याच्या टेबलावर किती जणांचे काम आहे, ते पाहावे. जगात खरोखर त्रासिक माणसेही असतात. पण तो निष्कर्ष चौकशीच्या शेवटी यावा, आरंभी नव्हे.

त्या मुलाला मी शेवटी विचारले, "आजी तुला असे केव्हा म्हणते?" तो म्हणाला, "शाळेच्या बसमधून घरी आल्यावर." बंगळुरूच्या वाहतुकीत रोज तासाभराहून अधिक वेळ अडकून येणाऱ्या मुलासाठी मराठीत दुसरा शब्द आहे, हे मी आजींच्या कानावर घातले आहे.